कापड बरोबर होतं, ताई

ताई, तुमचं तेरावं होऊन आज नववा दिवस. पाहुणे गेले, भाड्याची मोठी पातेली परत गेली, आणि गेल्या आठवड्यात दुकान उघडलं. तुमच्या भावाने शटर वर केलं आणि सवयीने आत हाक मारली, "ताई, चहा ठेवतेस का?" मग तो तसाच उभा राहिला. मी काही ऐकलंच नाही असं दाखवून मशीनवरचं फडकं काढलं. आम्ही दोघंही थकलोय. रडून नव्हे, येणाऱ्या प्रत्येकाला तेच तेच सांगून. काय झालं होतं, किती दिवस दवाखान्यात होत्या, त्रास झाला का. फार त्रास झाला नाही, असं मी सगळ्यांना सांगते. लोकांना तेवढंच ऐकायचं असतं आणि मलाही तेवढंच बोलवतं.

तुमच्याशी मला बोलायचंय ते निराळं आहे. समुद्राकडच्या त्या चिकूच्या वाडीतल्या गाद्या फाटल्या, तुम्ही निवडलेलं कापड कच्चं निघालं असं सगळे म्हणाले, आणि तुम्ही कापड निवडणंच सोडून दिलंत. कापड कच्चं नव्हतं. चूक माझी होती. मला ती त्याच दिवशी कळली होती आणि मी ती तुम्हाला शेवटपर्यंत सांगितली नाही. हे आधीच लिहून टाकते, कारण मला माझा स्वभाव माहीत आहे. इकडचं तिकडचं लिहीत बसेन आणि कागद संपेल.

मी लग्न करून कोसबाडहून डहाणूला आले तेव्हा मला झंपर आणि परकर शिवता येत होते आणि त्याचा मला भारी गर्व होता. नणंद म्हणून तुम्ही माझी भाकरी बघाल, भांडी कशी घासते ते बघाल, असं मला वाटलं होतं. तुम्ही आलात ते दुसऱ्याच दिवशी सोफ्याची एक उसवलेली खोळ घेऊन. "सुमन, हिला उलटी करून बघ," म्हणालात. "सुलटी सगळेच बघतात." मी बघितली. काय दिसलं, असं विचारलंत. मी म्हटलं, धागे. तुम्ही हसलात आणि म्हणालात, चला, दिसलं तेवढंच सांगतेस, बरी आहेस. त्या दिवसापासून मी तुमची झाले. तुम्ही लग्न केलं नव्हतंत, वडिलांच्या मागे दुकान आणि धाकटा भाऊ दोन्ही ओढलं होतंत, आणि आता त्यात माझी भर पडली होती.

कापड निवडायची तुमची रीत बघून मला पहिली दोन वर्षं हसूच यायचं. गिऱ्हाईक आलं की बाकीचे दुकानदार नमुन्यांचं पुस्तक पुढे सरकवतात. तुम्ही आधी उलटतपासणी घ्यायचात. घरात कुत्रा आहे का. आजोबा डोक्याला तेल लावून टेकतात का. दुपारचं ऊन कुठल्या खिडकीतून येतं आणि सोफ्याच्या कुठल्या हातावर पडतं. समुद्र किती लांब. पाहुण्यांसाठी सोफा आहे की घरातली माणसंही त्यावर बसतात. एकदा एक गृहस्थ वैतागून म्हणाले, "अहो बाई, कापड घ्यायला आलोय, सोयरीक जमवायला नाही." तुम्ही म्हणालात, "सोयरीक मोडता येते, सोफा आठ वर्षं घरातच राहतो." त्यांनी मुकाट्याने कुत्र्याचं वय सांगितलं.

मग कापड हातात घ्यायचात. उजेडासमोर धरून वीण किती घट्ट आहे ते बघायचं. पांढरा रुमाल ओला करून घासायचा, रंग लागतो का ते बघायचं. कडेचा एक धागा ओढून काडीने पेटवायचा आणि वास घ्यायचा. कागद जळल्यासारखा वास आला तर सुती, जळून काळा मणी झाला तर पॉलिस्टर. घरातल्या बैठकीला सुताची भेसळ चालेल, उलट अंगाला बरं लागतं. व्हरांड्यात, अंगणात, गच्चीवर ठेवायचं असेल तर रंग धाग्याच्या पोटात मुरलेला हवा, वरून छापलेला नको, आणि सुताचा एक धागासुद्धा नको. सूत पाणी पितं, खारी हवा पितं आणि आतून कुजतं. हे तुम्ही मला इतक्या वेळा सांगितलंत की पुढेपुढे तुम्ही 'सूत' म्हणालात की मी 'पाणी पितं' म्हणायची.

आणि गच्चीवरची ती दोरी. नवीन कापड आलं की हातभर पट्टी कापून तुम्ही ती दोरीला बांधायचात, आणि तिची जुळी पट्टी पत्र्याच्या पेटीत बंद करून ठेवायचात. वर्षभराने दोन्ही शेजारी ठेवून बघायचं. ऊन, पाऊस, खारं वारं, सगळं सोसून जी पट्टी पेटीतल्या बहिणीला ओळख देते तीच बाहेरच्या बाकाला लावायची. कंपनीचा माणूस पाच वर्षांची हमी लिहिलेला कागद दाखवायचा, तुम्ही त्याला गच्चीवर न्यायचात. दोरीवर त्याच्याच कंपनीचं पांढरं पडलेलं कापड लटकत असायचं. शेजारणी म्हणायच्या, तुमच्याकडे कायम कसली चिंध्यांची तोरणं लावलेली असतात.

त्या बंगल्यातल्या शेठाणी आठवतात? व्हरांड्यातल्या मोठ्या झोपाळ्याच्या गादीला त्यांना साईसारखी मखमल हवी होती. तुम्ही म्हणालात, "बेन, झोपाळा बाहेर आहे, मखमल घरात ठेवा." त्या म्हणाल्या, "मने तो आ ज जोईए," मला तर हीच हवी. तुम्ही वाद घातला नाहीत. मखमलीचा उशीएवढा तुकडा त्यांना दिलात आणि पंधरा दिवस झोपाळ्यावर ठेवायला सांगितलंत. दहाव्या दिवशी त्यांचाच फोन आला. तुकडा दमट झाला होता, त्याला वास मारत होता आणि मांजराने त्यावर मुक्काम ठोकला होता. पुढे त्यांनी तुम्हाला विचारल्याशिवाय उशीची खोळसुद्धा घेतली नाही.

म्हणजे तुम्ही कधी चुकत नव्हतात असं नाही. रेक्झिनच्या बाबतीत तुम्ही चुकलात, आणि हे मी तुमच्या माघारीही म्हणणार आहे. डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीतल्या बाकांना मी रेक्झिन म्हणत होते, तुम्ही जाड विणीचं कापड म्हणत होतात. घाम येतो, मांड्या चिकटतात, चार वर्षांत तडे जातात, हे तुमचं सगळं खरं. पण ताई, तिथे आजारी माणसं बसतात, पोरं ओकतात, ते पुसता यायला नको का? आपण आठ दिवस त्यावर बोलत होतो. जेवताना, भाजी निवडताना, तुमचा भाऊ कंटाळून बाहेर जाऊन बसायचा. शेवटी कापडच लागलं, आणि वर्षभरात डॉक्टरांनी ते बदलून घेतलं. पुढे दातांच्या डॉक्टरांकडचं काम आलं तेव्हा तुम्ही गुपचूप रेक्झिन काढून ठेवलंत. मी बघितलं, आणि तुम्ही मला बघताना बघितलंत. हरल्याचं कबूल करायची तुमची पद्धत तेवढीच होती. मी त्यावरून तुम्हाला किती वर्षं चिडवलं.

आणि तो माझ्या बोटातून सुई गेली तो दिवस. डाव्या हाताची तर्जनी, आरपार. तुम्ही मला दवाखान्यात नेलंत, आणलंत, वरण-भात कालवून भरवलात, आणि मग माझ्या वाट्याच्या सहा खोळी स्वतः शिवायला बसलात. शिवण तुम्हाला कधीच जमली नाही. रेघ अशी वाकडी जायची की कुणालाही हसू यावं. गिऱ्हाइकाने विचारलं तेव्हा तुम्ही सांगितलंत, "ह्या मी शिवल्यात, आमची शिवणारी अशी नाही शिवत." मी आत पट्टी बांधलेलं बोट धरून बसले होते. मला वाटलं, सख्खी बहीण असती तरी एवढं बोलली नसती. हे मी तुम्हाला तेव्हा सांगायला हवं होतं. तेही राहिलं.

आता वाडीचं. तिथल्या मालकीणबाईंनी पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या होत्या आणि झाडांखालच्या बाकांसाठी, झोपाळ्यांसाठी चाळीस गाद्या हव्या होत्या. सगळ्या उघड्यावर. एवढं मोठं काम आपल्याला तोवर मिळालं नव्हतं. तुम्ही मोरपंखी कापड निवडलंत, बारीक पांढऱ्या रेघेचं. वर्षभर दोरीवर टिकलेलं होतं ते. आत पाणी धरून न ठेवणारा जाळीचा फोम सांगितलात. आणि स्वतः वापीला जाऊन उन्हापावसात टिकणारा जाड पॉलिस्टरचा दोरा घेऊन आलात. माझ्यापुढे रिळं ठेवून म्हणालात, "सुमन, कापडाएवढाच दोरा महत्त्वाचा. हाच लाव."

मी लावला. माझ्या मशीनने तो घेतला नाही. खाली गुंता व्हायचा, टाका सुटायचा. सुया मोडल्या, एक नाही, तीन. तुमच्या भावाने त्याच्या आदल्याच महिन्यात विचारलं होतं, जाड कामाची नवीन मशीन घ्यायची का. आणि मी मोठ्या ऐटीत म्हटलं होतं, माझ्या हाताला हीच बसलीय, मी हिच्यावर ताडपत्रीसुद्धा शिवून दाखवीन. आता कुठल्या तोंडाने सांगणार होते? वसुबारसेपर्यंत गाद्या देतो असंही मीच कबूल केलं होतं. दोन दिवस मी मशीनशी झटले. तिसऱ्या दिवशी तुम्ही तलासरीच्या बाजाराला गेलात तेव्हा मी त्याच रंगाचा सुती दोरा लावला. मशीन सुरळीत चालायला लागली. मला इतकं हायसं वाटलं की मी गाणं गुणगुणत होते. आतली शिवण, कोण उलटी करून बघणार, असं मी मनाशी म्हटलं. तुमचा दोरा मी ताडपत्रीवाल्याला देऊन टाकला. तुमच्याकडूनच शिकलेली बाई मी, आणि चाळीस गाद्या सुती दोऱ्याने शिवल्या.

हिवाळा आणि उन्हाळा गेला. पावसाच्या पहिल्याच आठवड्यात वाडीवरून फोन आला. तुमचा गुडघा दुखत होता म्हणून तुमचा भाऊ एकटाच गेला. तो परत आला तेव्हा तुम्ही उंबऱ्याशी बसला होतात आणि मी मशीनवर होते. "सगळ्या शिवणीपाशी फाटल्या," तो म्हणाला. "टाक्यांशी कापडच सुटलंय म्हणतात. कापड कच्चं दिलंत म्हणतात. त्यांनी गाद्या काढून माणसांना वाटूनसुद्धा टाकल्या." तुम्ही विचारलंत, "तू हातात घेऊन बघितलंस?" तो म्हणाला, "काय बघायचं त्यात? वीस माणसांसमोर बोलल्या त्या मला." मग तो खाली बसला आणि हळूच म्हणाला, "ताई, तुझं वय झालं आता. कापडाचं आपण पुस्तकावरून बघत जाऊ."

शिवणीपाशी म्हटल्याबरोबर मला कळलं होतं. मी पाय थांबवला नाही, ताई. मशीन चालवतच राहिले. काय शिवत होते तेही आता आठवत नाही. तुम्ही एकदा माझ्याकडे बघितलंत, मदतीसाठी बघावं तसं. मी बोलेन, 'ताईचं कापड कच्चं असणार नाही' एवढं तरी म्हणेन असं तुम्हाला वाटलं असेल. मी खाली मान घालून दोरा तोडला.

त्यानंतर सांगायला पुष्कळ दिवस होते. रोजच होते. उद्या सांगू, तुमचा गुडघा बरा झाला की सांगू, दिवाळी होऊन जाऊ दे, असं करत गेले. आणि तुम्ही गिऱ्हाईक आलं की उठून आत जायला लागलात. "बाळूला विचारा, त्याच्याकडे पुस्तक आहे," असं भावाकडे बोट दाखवून म्हणायचात. एखादं कापड मी मुद्दाम तुमच्या हातात दिलं तर घडी घालून परत द्यायचात, "तूच बघ." एका सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले तर तुम्ही दोरीवरच्या पट्ट्या एकेक करून सोडवत होतात. गाठी घट्ट बसल्या होत्या, तुम्ही दाताने सोडवत होतात. मी जिन्यातच थांबले, मग बादली तिथेच ठेवून खाली उतरले. त्या दिवशी मला स्वतःची किळस आली आणि तरीही मी बोलले नाही. माणूस किती दिवस एकच गोष्ट न बोलता जगू शकतं हे मला माहीत नव्हतं. जगतं. जेवतं, हसतं, सणाला पुरणपोळ्याही करतं.

मग तुमचं आजारपण आलं, आणि ते सगळं झालं.

काल मी उधव्याला गेले होते. तिथे एकांनी शेतावर घर बांधलंय, ओट्यावर दगडी बाकं केलीत, त्यांना गाद्या हव्यात. तुमच्या भावाचं मन अजून कशात लागत नाही, म्हणून मी एकटीच निघाले. मापं घेतली. त्यांनी विचारलं, कापड कुठलं घालाल? मला पुस्तक काढवेना. मी विचारलं, तुमच्याकडे कुत्रा आहे का. ते हसले, म्हणाले, दोन आहेत. मग ऊन कुठून येतं ते विचारलं, पावसाची झड ओट्यावर किती आत येते ते विचारलं. तुमचेच प्रश्न माझ्या तोंडून येत होते आणि मला ते विचारायचा काही हक्क नाही असं वाटत होतं.

येताना काळी-पिवळी जीप झरीच्या फाट्यावर माणसं घ्यायला थांबली. रस्त्यालगत एका घराच्या अंगणात खाट होती, आणि खाटेवर मोरपंखी गादी. बारीक पांढऱ्या रेघेची. मी जीपमधून उतरले. ड्रायव्हर ओरडला, मावशी, तलासरी अजून लांब आहे. मी त्याला हाताने जा म्हटलं.

घर जानीचं होतं. तुम्ही जिला गोधडीसाठी उरलेली कापडं नेऊन द्यायचात ती जानी. चिकू तोडायला वाडीवर जाते हे मला माहीत होतं, घर कुठे ते माहीत नव्हतं. तिने मला ओळखलं. माझ्या मागे रस्त्याकडे बघितलं आणि विचारलं, "ताई नाय आली?"

तिला कुणी कळवलंच नव्हतं. मी सांगितलं. ती होती तिथेच खाली बसली. मग उठून तांब्याभर पाणी आणलं. मी खाटेवर बसले. खोळीवर हात फिरवला. ताई, रंग तसाच होता. जरा मळलेली होती, एका कोपऱ्यात कोंबडीने खरवडलं होतं, पण वीण घट्ट होती, कुठे विरलेली नव्हती. शिवण मात्र माझी नव्हती. जाड हिरव्या दोरीचे मोठेमोठे टाके होते.

"ही वाडीतली ना?" मी विचारलं.

"त्यांनी वाटून टाकल्या, ही मी आणली. दोन पावसाळे भायेरच आहे."

"फाटली नाही?"

"फाटल कशी? कापड बरा आहे. दोरा तेवढा कुजलेला. तो काढला न माझे भावाकडची जाळ्याची दोरी होती, तिनं शिवली."

तिला काहीच वाटलं नाही हे सांगताना. दोरा कुजला होता, कापड चांगलं होतं, कुणालाही दिसेल अशी गोष्ट होती. मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. तिने आपणहून पुढचं सांगितलं.

"तुमचे ताईला पण दाखवली मी. दिवाळीचे आधी, भात कापायला आलेला तेव्हा. बाजारात भेटली न मी बोलली, तुमची गादी माझेकडं आहे, अजून नवी आहे. तं लगेच आली माझेबरोबर. इथंच बसली, तुम्ही बसल्या तिथं. कापड बघला, उलटा करून बघला. एक टाका जुना राहिलेला, तो नखानं काढला न बोटावर घासला. पीठ झाला त्याचा. मग बोलली, सूत आहे."

"आणि?"

"मग हसली. खूप दिवसांनी हसतात ना, तशी. मी बोलली, आता तुमचे भावाला सांगा, तुमची चूक नाय. तं बोलली, नको. सुमन सांगल. तिचं तिला सांगू दे."

मी तिच्याकडे रडले नाही. तिने दिलेला कोरा चहा प्यायले आणि पुढच्या जीपने निघाले. सगळ्या वाटेत मला तुमचा राग येत होता, ताई, खरं सांगते. तुम्हाला माहीत होतं. भातकापणीपासून जाईपर्यंत, चार महिने, तुम्ही माझ्यासमोर बसून जेवत होतात, माझ्या हातचा चहा पीत होतात, आणि तुम्हाला माहीत होतं. दोन थोबाडीत मारायच्या होत्यात. सगळ्या आळीला ऐकू जाईल असं बोलायचं होतंत. मी ते सोसलं असतं. मग तलासरीच्या नाक्यावर गाडी बदलताना एकदम जाणवलं की तुम्ही गेलात ते आपला हात चुकला असं मानून नाही गेलात. निदान ते ओझं तुमच्यावर नव्हतं. मला इतकं हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाचीच पुन्हा लाज वाटली. कारण तो उजेड तुम्हाला जानीने दिला. मी नाही.

आणि त्या बाजाराच्या दिवसाची संध्याकाळ मला आठवली. तुम्ही उशिरा आलात, पाय न धुताच माझ्या मशीनशेजारी स्टूल ओढून बसलात. बऱ्याच दिवसांत तुम्ही तशा बसला नव्हतात. मशीनवरच्या रिळाला बोट लावून म्हणालात, "बाहेरच्या कामाला कुठला दोरा लावतेस गं हल्ली?" मी म्हटलं, "नेहमीचाच." तुम्ही आणखी थोडा वेळ बसलात. मग उठून पाय धुवायला गेलात. तुम्ही मला दार उघडून दिलं होतंत, ताई, आणि मी ते आतून लावून घेतलं.

तुमच्या भावाला मी काल संध्याकाळीच सांगितलं. तो फोम कापत होता. सगळं सांगितलं, मशीन, सुया, सुती दोरा, जानी. तो चिडेल म्हणून मी तयारी करून बसले होते. त्याने सुरी खाली ठेवली आणि म्हणाला, "मी तिला म्हटलं होतं, तुझं वय झालं." एवढंच दोनदा म्हणाला. मग माझ्यासमोरच वाडीच्या मालकीणबाईंना फोन लावला. "ते कापड पक्कं होतं. शिलाई आमची चुकली. ताईने दिलेलं बरोबर होतं, एवढंच सांगायला फोन केला." त्या म्हणाल्या, अहो, आम्ही तर कधीच प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणल्या, कशाला मनाला लावून घेता. त्यांना खरोखरच काही आठवत नव्हतं. फोन ठेवून त्याने सुरी पुन्हा हातात घेतली. मग विचारलं, "तिला कधी सांगायला गेली होतीस का? एकदा तरी?"

मी नाही म्हटलं. पण ते तितकंसं खरं नाही, आणि उरलेलं मला फक्त तुम्हालाच सांगता येईल.

दवाखान्यातली शेवटून दुसरी दुपार. तुम्ही भावाला शहाळं आणायला पाठवलंत. तुम्हाला शहाळं आवडत नाही हे मला माहीत होतं, त्यालाही माहीत असायला हवं होतं. तो गेला. तुम्ही नाकातली नळी सारखी केलीत, माझा हात धरलात आणि म्हणालात, "आता कुणी नाहीये." मी म्हटलं, "बोलू नका ताई, दम लागतो." तुम्ही म्हणालात, "मी कुठे बोलतेय. तू बोल."

मला वाटलं, आता सांगावं. शब्द अगदी जुळवून झाले होते, गेली दोन वर्षं मी ते रोज जुळवतच होते. तुम्ही वाट बघत होतात. घाई नव्हती तुमच्या चेहऱ्यावर. मी तोंड उघडलं आणि तुम्हाला सांगितलं की गॅसचा नंबर लावलाय, दोन दिवसांत सिलिंडर येईल.

तुम्ही थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिलात. मग माझ्या हातावर थोपटलंत आणि म्हणालात, "बरं केलंस."